महिला चित्रकारांवरचे लेख: आकडा वाढवायचा की आधी कागद शोधायचे?

रेघोटी

मराठी विकिपीडियावर लिहिणारे आम्ही काही पुणेकर अधूनमधून एखाद्या वाचनालयात किंवा कॉलेजच्या संगणक कक्षात जमतो. आठ मार्च जवळ आला की विषय ठरलेला असतो, महिला कलाकार. यंदा एका मुद्द्यावर चांगलीच खडाजंगी झाली आणि वेळ संपल्यामुळे ती अर्धवट राहिली, म्हणून इथे मांडते आहे.

एका दिवसात जमतील तेवढे लेख करायचे, मग ते दोन-तीन ओळींचे का असेनात? की तोच दिवस ग्रंथालयात जुनी मासिकं आणि प्रदर्शनांच्या पुस्तिका चाळण्यात घालवायचा आणि लेख एखाददुसराच लिहायचा? मी दुसऱ्या बाजूची आहे.

मोहीमच कशाला हवी, असं मात्र मी म्हणत नाही. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रलेखांत स्त्रियांचा वाटा २०१४-१५ च्या सुमारास १५-१६ टक्के होता. जगभरच्या स्वयंसेवकांनी नेटानं लिहिल्यावर तो आता २० टक्क्यांच्या आसपास आला आहे. कुणी मनावर घेतल्याशिवाय हे आपोआप होत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

माझा आक्षेप पद्धतीवर आहे. संगणकासमोर बसून नाव शोधलं की ज्यांच्याबद्दल आधीच कुणी लिहिलंय त्याच बायका सापडतात. बाकीच्या सापडत नाहीत, कारण कागदावर त्यांचे तुकडे झालेत. प्रफुल्ला डहाणूकरांचंच बघा. १९५५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सुवर्णपदक मिळालं तेव्हा त्या प्रफुल्ला जोशी होत्या. त्यांची कीर्ती मोठी, त्यामुळे दोन्ही नावं जोडली गेली. पण पेठेत राहून चित्रं काढणाऱ्या, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या बाईंचं काय? एका पुस्तिकेत त्या 'कुमारी' असतात, दहा वर्षांनंतरच्या पुस्तिकेत 'सौ.', आणि आडनावाबरोबर पहिलं नावही बदललेलं. मला अशा दोन पुस्तिका एकत्र बघायला मिळाल्या. नावं पूर्ण वेगळी, पण दोन्हीकडे एक जलरंगातलं घाटाचं चित्र, शीर्षक तेच, मापं तीच, आणि पुढे किमतीच्या जागी 'विक्रीसाठी नाही'. तेव्हा कळलं की बाई एकच आहेत. हे गूगलवर कधीच कळलं नसतं.

म्हणून म्हणते, वर्षभर लेखांचा आकडा बाजूला ठेवा. जयकर ग्रंथालयात, नगर वाचन मंदिरात, विभागीय ग्रंथालयात बसा. १९३० साली सुरू झालेल्या 'स्त्री' मासिकासारख्या नियतकालिकांचे जुने अंक मिळतील तिथे बघा. लेख मागाहून होतील.

सदाशिवकर

कलाकार हा कलाकार असतो. कोशात नोंद करताना त्याचं काम बघावं, बाकी काही नाही. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते विषयाचं महत्त्व बघून.

पुण्यातले किती पुरुष विस्मरणात गेलेत याचाही विचार करा. नाटकांचे पडदे रंगवणारे, दुकानांच्या पाट्या लिहिणारे, गणपतीच्या देखाव्यांसाठी रात्रंदिवस राबलेले कारागीर, शाळांमधले चित्रकलेचे मास्तर. यांच्यावर लेख कोण लिहिणार? त्यांच्यासाठी कुठला दिवस नाही. त्यापेक्षा 'पुण्याची चित्रकला' हा विषय सगळ्यांनी मिळून घ्या. त्यात बायका येतीलच, आणि वेगळ्या रकान्यात बसवल्यासारखंही वाटणार नाही. एखाद्या चांगल्या चित्रकर्तीलाही 'महिला चित्रकार' म्हणून वेगळं काढलेलं आवडत नसणार, असं माझं प्रामाणिक मत आहे.

खडूफळा

सदाशिवकर, 'त्यात बायका येतीलच' हे प्रत्यक्षात घडत नाही. सगळा विषय एकदम घेतला की लिहिणारा आधी हाताशी असलेलं पुस्तक उघडतो, आणि पुस्तकं बहुतेक पुरुषांवर आहेत. पडदे रंगवणाऱ्यांवर जरूर मोहीम काढा, मी येईन. एका मोहिमेमुळे दुसरी अडत नाही.

धूळपाटी

मी मराठी विकिपीडियावर बऱ्याच वर्षांपासून आहे. रेघोटीताईंच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण त्यांचा मार्ग मला पटत नाही. कारण साधं आहे. दोन पुस्तिका शेजारी ठेवून 'या दोघी एकच' असा निष्कर्ष काढणं म्हणजे मूळ संशोधन, आणि मूळ संशोधनाला विकिपीडियावर जागा नाही. आपण दुय्यम स्रोतांवर, म्हणजे इतरांनी अभ्यासून छापलेल्या लेखनावर चालतो. प्रदर्शनाची पुस्तिका हा प्राथमिक स्रोत झाला, त्यातून उल्लेखनीयता, म्हणजे स्वतंत्र लेखाची पात्रता, सिद्ध होत नाही. उद्या मापं सारखी म्हणून कुणी दोन वेगळ्या बायका एक करून टाकेल आणि ते चूक आहे हे तपासायला वाचकाकडे काहीच साधन नसेल. हे काम कलेच्या इतिहासकाराचं आहे. मोलाचं आहे, पण ते आपलं नाही.

दुसरं, स्रोत नाहीत ही तक्रारच मला अर्धी वाटते. शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड मराठीत आहे. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांच्यासारख्या जाणकारांनी संपादित केलेला आहे. त्यातल्या स्त्रियांच्या नोंदी घ्या, स्वतःच्या शब्दांत लिहा, वर्तमानपत्रातला एखादा लेख जोडा. हातातलं काम टाकून बांधीव खंडांची धूळ झटकायला जायची घाई कशाला?

आणि छोट्या लेखाला नाकं मुरडू नका. एका भक्कम संदर्भाचा चार ओळींचा लेख हा पाया असतो. नवीन सदस्याला कोऱ्या पानाची भीती वाटते, पण असलेल्या लेखात एक ओळ घालायचं धैर्य होतं. मी अशीच माणसं टिकलेली पाहिली आहेत. ग्रंथालयात दिवस घालवून हाती काहीच न लागलेला नवखा पुढच्या वेळी येत नाही.

रेघोटी

धूळपाटी, मूळ संशोधनाचा मुद्दा लेखापुरता बरोबर आहे, आणि मी ते लेखात घाला असं म्हटलेलंही नाही. शोधलेलं आधी छापून आणायचं. पुण्यात दिवाळी अंक निघतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आहेत. तिथे संपादकाच्या नजरेखालून लेख गेला, की ज्यानं तो लिहिला नाही अशा दुसऱ्या स्वयंसेवकानं त्याचा संदर्भ द्यावा. वेळ लागेल. पण इतिहासकार येईल म्हणून वाट बघत बसलो तर तोपर्यंत पुस्तिका रद्दीत गेलेल्या असतील. वाडे पाडताना माळ्यावरचं सामान कुठे जातं हे पुण्यात कुणाला सांगायला नको.

छोट्या लेखाबद्दल मात्र मी हटणार नाही. अंबिका धुरंधरांची (१९१२–२००९) घाईत ओळख करून द्यायची झाली, तर पहिलं वाक्य काय येतं? 'रावबहादूर धुरंधरांची कन्या.' खरं आहे ते, चित्रकार म. वि. धुरंधर त्यांचे वडील. पण त्या स्वतः जे. जे. मधून पदविका घेतलेल्या चित्रकार होत्या, मुली क्वचितच तिथे शिकायच्या अशा काळात. दोन ओळींत वडील, नवरा, जन्मगाव एवढंच मावतं, चित्रांपर्यंत हात पोचतच नाही. आणि विकिपीडियावर लेख नसलेल्या नावाचा दुवा लाल दिसतो, लेख झाला की तो निळा होतो. यादीत खूण होते. पुढच्या आठ मार्चला त्या नावाकडे कुणी वळून बघत नाही, कारण ते काम 'झालेलं' असतं. लाल दुवा निदान काहीतरी राहिलंय एवढं सांगतो.

नारायणगावकर

तुम्ही दोघेही छापील कागदाच्या बाजूनेच बोलताय. ज्यांच्याबद्दल काही छापलंच गेलं नाही त्यांचं काय?

वारली चित्रांचं उदाहरण घ्या. लग्नात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा मान सवाष्णींचा. पिढ्यान्‌पिढ्या ही कला बायकांच्या हातात होती. सत्तरच्या दशकात ती कागदावर आली, जगभर गेली, आणि नाव झालं जिव्या सोमा म्हशे यांचं. त्यांची योग्यता वादातीत आहे, २०११ ची पद्मश्री योग्य माणसाला मिळाली. पण त्यांच्याआधी चौक काढणाऱ्या एकाही बाईचं नाव आपल्याला सांगता येत नाही. भिंत पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा सारवली गेली.

आमच्या तमाशाचंही तेच. विठाबाई नारायणगावकरांवर लिहायला भरपूर आहे. त्यांच्या मागे उभ्या राहून झील धरणाऱ्या, पुण्यातल्या आर्यभूषण थिएटरच्या रंगमंचावर वर्षानुवर्षं नाचलेल्या बायका आजही बोलू शकतात. त्यांचं ध्वनिमुद्रण करा आणि तोच संदर्भ धरा. २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मल्याळम, हिंदी आणि सेपेडी भाषांसाठी असा मौखिक संदर्भांचा प्रयोग झाला होता. नियम माणसांनीच केलेत. ते बदला.

धूळपाटी

प्रयोग झाला हे खरं, पण सर्वसाधारण नियम म्हणून तो स्वीकारला गेला नाही, आणि त्याला कारण आहे. मुलाखत देणारी बाई खरंच बोलत असेल, पण तिची प्रतिस्पर्धीही तितकंच खरं बोलते आहे असं म्हणेल. दोघींच्या मधे उभा राहून पडताळणी करणारा कुणी तरी लागतो, आणि विकिपीडियावर तो नसतो. मुलाखती जरूर घ्या, जपा. व्यक्तींचे नाहीत तर परंपरेचे लेख लिहा, 'वारली चित्रकला' या लेखात सवाष्णींचा परिच्छेद सगळ्यात वर आणा. त्याला छापील आधार भरपूर आहे.

नारायणगावकर

परंपरेच्या लेखात बायका आणि चरित्रलेखात पुरुष, ही विभागणी मला मान्य नाही. पण परिच्छेद वर आणायचं काम मी करतो, ते आजच होण्यासारखं आहे.

कर्वेनगरची भाची

मला नियम फारसे कळत नाहीत, पण विषय घरचा आहे म्हणून विचारते. माझी आत्या चित्रकार होती. बालगंधर्व कलादालनात तिची प्रदर्शनं झाली होती. आमच्याकडे तिची कात्रणं, आमंत्रणपत्रिका आणि बरीच चित्रं आहेत. मी लेख लिहू का? तिच्याबद्दल माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

खडूफळा

भाची, लेख तुम्ही लिहू नका. जवळच्या नात्यातल्या माणसानं लिहिलेल्या लेखावर तटस्थतेचा प्रश्न उभा राहतो आणि मग बरी माहितीही त्यात जाते. कात्रणांचे फोटो काढा, त्यावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असं बघा. तारीख कापली गेली असेल तर मागच्या बाजूला छापलेल्या बातमीवरून कधीकधी ती काढता येते, म्हणून मागची बाजूही टिपा.

पण एक गोष्ट अशी आहे जी आमच्यापैकी कुणी करू शकत नाही, फक्त तुम्हीच करू शकता. ती म्हणजे चित्रं. आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. रावबहादूर धुरंधर १९४४ साली गेले, त्यामुळे २००५ पासून त्यांच्या चित्रांवर भारतात हक्क उरलेला नाही, कुणीही ती लेखात लावावीत. अंबिकाबाई २००९ साली गेल्या, म्हणजे त्यांच्या चित्रांसाठी २०७० ची वाट बघायची. कायद्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही, पण स्त्रियांची मोठी फळी उशिरा आली, त्यामुळे बिनचित्राचे लेख त्यांच्याच वाट्याला जास्त येतात. चित्रकाराच्या लेखात चित्रच नाही, याला काय अर्थ आहे?

तुमच्या आत्याचे हक्क वारसांकडे असतील तर तुम्ही घरच्यांनी मिळून तीन-चार चित्रं मुक्त परवान्यानं, म्हणजे कुणालाही वापरता येतील अशी, कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यावर) देऊ शकता. तसं संमतीचं पत्र ईमेलनं पाठवावं लागतं. चित्र विकलं गेलं म्हणून कॉपीराइट जात नाही, तो लेखी करारानं दिला असेल तरच जातो. कुणी पैसे देऊन काढून घेतलेलं व्यक्तिचित्र असेल तर ते मात्र वगळा, त्याचा पहिला हक्क सहसा काढून घेणाऱ्याकडे असतो.

सदाशिवकर

माझं मत बदललेलं नाही, वेगळा रकाना मला आजही खटकतो. पण कात्रणं आणि पुस्तिका गोळा करण्याला माझा विरोध नाही. आमच्या वडिलांकडे पुण्यातल्या प्रदर्शनांच्या पुस्तिकांचा गठ्ठा आहे, त्यात पुरुष-बायका सगळेच आहेत. भाचीबाई, आत्यांचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. बघून ठेवतो.

धूळपाटी

मी चरित्रकोश घेऊन बसलो आहे. ज्यांना ग्रंथालयात जायचंय त्यांनी जावं, ज्यांना माझ्याबरोबर छोटे लेख लिहायचेत त्यांनी चावडीवर (विकिपीडियाच्या चर्चापानावर) नाव टाकावं. रेघोटीताई, पहिल्या वाक्यात वडील किंवा नवरा येणार नाही, हे मी बघेन.

रेघोटी

आणि निदान एका चित्राबद्दल दोन वाक्यं, माध्यम आणि सालासकट. तेवढं असेल तर मी तुमच्या लेखांवर 'पानकाढा' साचा, म्हणजे लेख काढून टाका अशी खूण, लावू देणार नाही.