मदत हवी आहे: गॅमा किरण दिलेल्या सातूची मुळं कधी फिक्स करावीत (म्हणजे रसायनात टाकून पेशी आहेत त्या अवस्थेत थांबवाव्यात)?
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सातूच्या कोरड्या बियांना कोबाल्ट-60 चे 100, 200 आणि 300 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) गॅमा किरण दिलेत. सातू मुद्दाम घेतला: गुणसूत्रं 14च आणि चांगली मोठी, शिवाय अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ स्टॅडलर यांनी 1928 मध्ये क्ष-किरणांमुळे होणारी उत्परिवर्तनं दाखवली तीही याच पिकात.

100 ग्रेला अ‍ॅनाफेजमध्ये (विभाजनात गुणसूत्रं दोन टोकांकडे जातात तेव्हा) गुणसूत्रांचे दोन्ही टोकांना जोडून राहिलेले पूल आणि सुटे तुकडे स्वच्छ दिसतात. 300 ला मात्र विभाजन होणाऱ्या पेशीच सापडत नाहीत. आठवडाभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेय. या पूल-तुकड्यांची मोजणी पेशींच्या पहिल्या विभाजनातच हवी, नंतर बिघडलेल्या पेशी मागे पडतात. पण जास्त मात्रेला मूळ उशिरा वाढतं. मग मुळं ठरावीक तास झाल्यावर फिक्स करायची की ठरावीक लांबीची झाल्यावर? भात-गव्हावर कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा, बिया थोड्याच उरल्यात.