चुन्याच्या निवळीचा हिशोब जुळत नाही

गोबरगॅस चुलीआधी चुन्याच्या निवळीच्या बाटलीतून सोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढा, असं सुचवलं जातं; पण ही बाटली चुलीसाठी निरुपयोगी आहे. लिटरभर निवळीत चुना जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो. म्हणजे २०० लिटरचा अख्खा ड्रम भरला तरी साधारण २५० लिटर गोबरगॅसमधलाच कार्बन डायऑक्साइड निघेल. एका चहापाण्यात ड्रम खलास! शिवाय गोबरगॅसच्या तरंगत्या टाकीतल्या गॅसचा दाब सुमारे १० सेंमी पाण्याइतकाच, नळी त्याहून खोल बुडवली की गॅस येणारच नाही. तसंही कार्बन डायऑक्साइडने ज्योत थोडी मंदावते, बाकी काही बिघडत नाही.

काढायचा तो सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, बर्नर तोच खातो. त्याला गंजलेलं लोखंड धरून ठेवतं. लेथवरचा लोखंडी कीस धुण्याच्या सोड्याने धुऊन तेल काढा, पाणी शिंपडून पूर्ण तांबूस गंजू द्या (स्टेनलेसचा चालत नाही), मग ४ इंची पीव्हीसी पाइपात सैल भरा. गॅस खालून वर. या पाइपाच्या आधी नळीत साचलेलं पाणी काढायचा कॉक हवाच. कीस काळा पडला की बाहेर काढून ओला करून पातळ पसरा, पुन्हा तांबूस होतो. पण ढीग करून ठेवू नका. हवा लागताच तो तापतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात कुटाराच्या ढिगाजवळ तर मुळीच नको, पेट घेतो.