'सस्टेनेबल'ला नक्की काय म्हणायचं? शाश्वत, टिकाऊ की अजून काही?

माझी मैत्रीण गडचिरोलीत बांबूवर संशोधन करते, म्हणजे कुठल्या गावाने किती तोडला, परत किती फुटला, विकून ग्रामसभेला काय मिळालं असं सगळं. तिच्या कामाचा सारांश मराठीत करायचाय आणि तो गावात वाचून दाखवणार आहेत, म्हणून अडकलेय. 'सस्टेनेबल फॉरेस्ट मॅनेजमेंट'ला सरळ 'शाश्वत वन व्यवस्थापन' लिहिलं, पण मोठ्याने वाचलं तर खटकलं. शाश्वत म्हणजे जे कधीच नाहीसं होत नाही ते, आणि जंगल तर दोन वर्षं बेफाम तोडलं की संपलं. दुसरा शब्द 'बायोइकॉनॉमी', म्हणजे जंगल, शेती अशा सजीवांपासून मिळणाऱ्या मालावर चालणारं अर्थकारण, त्याला जैवअर्थव्यवस्था चालेल का?

प्रतिसाद :
शाश्वत शेती, शाश्वत विकास हे आता रुळलंय, बदलू नका. टिकाऊ तर अजिबात नको, टिकाऊ सतरंजी असते, तिथे टिकणं हा वस्तूचा गुण झाला, माणसाने काही करायचंच नाही.

प्रतिसाद :
हाच तर मुद्दा आहे, शाश्वतमध्येही माणसाने काही करायचं नसतं. ताई, मी 'राखणे' सुचवेन. रान राखणं, कुरण राखणं हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, त्यात वापरायचं पण मागे ठेवून वापरायचं हे आपोआप येतं. आणि गंमत नाही सांगत, 'सस्टेनेबल'मागचा मूळ जर्मन शब्द असाच आहे. कार्लोविट्झ म्हणून सॅक्सनीतला खाणींचा अधिकारी होता, खाणींना आणि धातूच्या भट्ट्यांना लाकूड पुरेनासं झालं तेव्हा १७१३ साली त्याने पुस्तक लिहिलं, त्यात जंगलाच्या वापराला 'नाखहाल्टेंड' म्हटलंय आणि त्यातलं 'हाल्टेन' म्हणजे धरून ठेवणं. सनातन वगैरे काही नाही त्यात.

बांबूचंच बघा ना. मानवेल म्हणजे आपल्याकडची बांबूची एक जात, तिचं बेट असतं त्यात जुने बांबू आत आणि नवे कोंब बाहेरच्या बाजूला. कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंच होतो, पण कोवळाच असतो, त्याला पक्व व्हायला पुढची दोनतीन वर्षं लागतात आणि तोवर नव्या कोंबांना पोसायला तोच लागतो. घाईत तोडणारा बाहेरचे हाताशी येणारे कोवळे तोडतो, कारण आत शिरायला त्रास, काटक्या लागतात, मग बेट आत वाळत जातं आणि बाहेरून वाढायचं थांबतं. राखून तोडणारा एका बाजूने वाट करून आत शिरतो, जुने काढतो, यंदाचे आणि गेल्या वर्षीचे उभे ठेवतो. आता याला 'शाश्वत व्यवस्थापन' म्हटलं तर यातलं काय दिसतं?

प्रतिसाद :
पण 'राखीव जंगल'मध्येही तेच राखणे आहे आणि तिथे अर्थ उलटा झालाय, वनखात्याने राखलं म्हणजे गावाने शिरायचं नाही. ऐकणाऱ्यांना आधी तेच आठवेल. म्हणून नुसतं 'राखणे' नको, 'राखून तोडणे' किंवा 'राखून वापर' असं क्रियापद जोडूनच लिहा.

जैवअर्थव्यवस्थेबद्दल, हा शब्द देशागणिक बदलतो. फिनलंडने २०१४ साली बायोइकॉनॉमीचं धोरण आणलं तिथे त्यात जंगलाचा वाटा सगळ्यात मोठा, लाकूड, लगदा वगैरे. आपल्याकडे २०२४ चं बायोई३ धोरण जैवतंत्रज्ञानाचं आहे. मैत्रिणीचं काम बांबूचं, मग सरळ 'वनोपजाचं अर्थकारण' लिहा.

मूळ प्रश्नकर्ती :
'राखून तोडणे' एकदम पटलं, राखीवचा धोका माझ्या लक्षातच आला नव्हता. वनोपज म्हणताना अजून एक खटकतंय, 'गौण वनोपज'. १९२७ च्या वन कायद्यात बांबू २०१७ पर्यंत 'झाड' होता, २००६ च्या वनहक्क कायद्यात तोच 'गौण वनोपज', आणि २०११ साली गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला वाहतूक पासाचं, म्हणजे माल बाहेर न्यायच्या परवान्यांचं, पुस्तक स्वतःच्या हातात मिळालं ते याच गौण मालासाठी. मोह, तेंदू, बांबू यावर ज्यांचं घर चालतं त्यांच्यासमोर उभं राहून गौण कसं म्हणायचं?

प्रतिसाद :
कायद्याचं कलम सांगताना तेवढं एकदा गौण म्हणा, तो हक्काचा शब्द आहे, सोडला तर अर्ज अडेल. बाकी सगळीकडे नुसतं वनोपज, किंवा त्याहून बरं म्हणजे नाव घ्या, मोह, चारोळी, डिंक, बांबू.

मूळ प्रश्नकर्ती :
हो, मग असं करते, शीर्षकात 'शाश्वत' राहू देते कारण पुढे कागदपत्रांत तोच शब्द लागतो, आत सगळीकडे 'राखून तोडणे', आणि बेटाचा तो एका बाजूने आत शिरायचा परिच्छेद तुमच्याच शब्दांत घालते, चालेल ना?