मालिकांचं पार्श्वसंगीत: रडायचं कुठे ते आम्हाला कळतं हो!

गवाक्ष

सरळ मुद्द्यावर येते. मराठी दैनंदिन मालिकांमधलं पार्श्वसंगीत निम्मं केलं, तर त्या आहेत त्याहून बऱ्याच सुसह्य होतील. सासूने ‘चहा ठेव’ म्हटलं तरी खालून व्हायोलिन. सून वळली की बासरी. कुणी दारात येऊन उभं राहिलं की ढॅण! आणि तोच ढॅण मग प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकेकदा. घरात माणसं नऊ, म्हणजे एका बातमीचे नऊ ढॅण. नटाने चेहऱ्यावर काही करायच्या आत संगीत निकाल सांगून मोकळं होतं.

हे आधीपासून असंच होतं असं कृपया म्हणू नका. 1999 मध्ये अल्फा मराठी (आताचं झी मराठी) सुरू झालं, ‘आभाळमाया’ आली. अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज. ते शीर्षकगीत आजही कुठे कानावर पडलं की ती माणसं डोळ्यांपुढे येतात. पत्कींच्याच ‘वादळवाट’चंही तेच. मालिकेचा स्वर सुरुवातीलाच लागलेला असायचा, पुढे वाक्यावाक्याला टेकू द्यावा लागत नसे. आणखी मागे जा. ‘मालगुडी डेज’ला एल. वैद्यनाथन यांची ती ‘ता ना ना’, सोबत आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं. एका शब्दाशिवाय अख्खं गाव उभं राहायचं.

आणि ‘द वायर’ बघा (2002 ते 2008). या अमेरिकन मालिकेत बाहेरून आणलेलं संगीत जवळजवळ नाहीच. जे वाजतं ते त्या दृश्यातल्या गाडीत, बारमध्ये, कुणाच्या तरी खोलीत. बाल्टिमोरमध्ये एक कोवळा पोरगा मारला जातो, आणि तुम्हाला कुणी ‘आता रडा’ म्हणून सांगत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

पोळपाट

बाल्टिमोर राहू द्या बाजूला. साडेआठला मी पोळ्या लाटत असते. टीव्ही हॉलमध्ये, मी ओट्याशी पाठमोरी. तुमचा तो ढॅण वाजला की मी गॅस बारीक करून बाहेर येते. तुम्हाला जाच वाटतो ती माझी सोय आहे. तुमच्या ‘वायर’मध्ये माणूस मेला तर मला पत्ताही लागणार नाही.

गवाक्ष

म्हणजे संगीत ही दारावरची बेल?

पोळपाट

असेना! नाट्यगृहात अंधार करून बसतो तशा आम्ही मालिका बघत नाही. निम्मी मालिका ऐकतोच. ती बनवणाऱ्यांना हे तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

सावंतवाडीकर

गवाक्षताई, बोलण्याखाली वाद्य असलं की नटाचं नुकसान होतं, हे काही पटत नाही. आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. पेटी, मृदंग, झांज. लिखित संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचतात, आणि राजाने नुसती मान वळवली तरी मृदंगावर थाप पडते. राक्षस आला की झांज अशी वाजते की मांडवातलं झोपलेलं पोर उठून बसतं. तमाशातही विनोदाचा शेवट ढोलकीच उचलते. आपल्या लोकांना वाद्यासकटच नाटक कळतं. संगीत गाळलं म्हणजे अभिनय आपोआप खरा होतो, ही समजूत तुम्ही परदेशी मालिका बघून करून घेतलेली दिसते.

तिसरी घंटा

दशावतार मीही पाहिलाय. तिथला मृदंगवाला नटाकडे बघत असतो. नट थांबला की तो थांबतो, नट लांबवायला लागला की तो धरून ठेवतो, एखाद्या दिवशी नट ढेपाळला तर सांभाळूनही घेतो. मालिकेतली बासरी कुणाकडे बघते? मार्चमध्ये लग्न मोडलं तेव्हा वाजली तीच दिवाळीत आजी आजारी पडल्यावर वाजते, त्याच लयीत, तितक्याच सेकंदांची. तक्रार वाद्याबद्दल नाहीच. वाजवणारा जागेवर नसतो, त्याबद्दल आहे.

रात्रपाळी

हा मुद्दा बरोबर आहे. आता आतून कसं दिसतं ते सांगतो. मी एडिटला आहे, दैनंदिन मालिकांच्याच.

मालिका सुरू होताना संगीतकार एक संच देतो. शीर्षकगीताची चाल संथ करून बासरीवर, तीच सतारीवर, एक सॅड, एक रोमँटिक, दोन-तीन टेन्शनचे, खलनायिकेची थीम आणि मूठभर ‘हिट’, म्हणजे तुमचे ढॅण. त्यानंतर त्याने रोजचा भाग बघून नवं काही करावं, एवढा वेळच कुणाकडे नसतो. जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं रोज भरायची. कधी कधी रात्री जाणारा भाग दुपारी टेबलावर असतो.

दुसरं म्हणजे आवाज. सेट घोडबंदरला किंवा मीरा रोडला. बाहेर ट्रक, वर विमान, मागे जनरेटर, शेजारच्या सेटवर सुताराची ठोकाठोक. एका टेकवरून दुसऱ्यावर कट मारला की मागचा गोंगाट उडी मारतो. खाली एक सलग सूर असला की ती उडी झाकली जाते. तुम्हाला भावनेचं वाटणारं व्हायोलिन पुष्कळदा फक्त सांधा लपवत असतं.

आणि ते नऊ चेहरे. भाग दीड मिनिट कमी पडला की चेहरेच ताणायचे. नुसते मुके चेहरे दाखवले तर टीव्ही बिघडला वाटेल, म्हणून ढॅण. तेव्हा संगीत निम्मं करा म्हणण्याआधी ती दीड मिनिटं लिहून द्या.

तिसरी घंटा

ही कारणं झाली. समर्थन कुठे झालं?

अणुभट्टीच्या अपघातावरच्या 2019 च्या ‘चेर्नोबिल’ मालिकेसाठी हिल्डुर गुडनाडोटिर ही आइसलंडची संगीतकार लिथुएनियातल्या बंद केलेल्या इग्नालिना अणुवीज केंद्रात गेली. तिथल्या पंपांचे, दारांचे, पोकळ खोल्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्यांतून, सोबत मानवी आवाज घेऊन, सगळं संगीत उभं केलं. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही. त्या मालिकेत तो ऐकू येतो. संगीताने काय करावं, तर हे.

रात्रपाळी

घंटाशेठ, त्या मालिकेचे भाग पाच. आमचे पाच भाग शुक्रवारपर्यंत संपलेले असतात, शनिवारचा वेगळा.

फोरजी_फकीर

‘स्कॅम 1992’ या शेअर घोटाळ्यावरच्या वेबमालिकेची अचिंत ठक्करची धून 2020 मध्ये आमच्या अर्ध्या ऑफिसची रिंगटोन होती. हर्षद मेहता काय करत होता ते न कळणाऱ्यांचीसुद्धा. लोकांना संगीत कमी नकोय, चांगलं हवंय.

गवाक्ष

त्या धुनेमुळे घोटाळेबाज माणूस हिरो वाटायला लागला, याबद्दल वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.

निवृत्त_नाना

वाद तुमचे चालू द्या, आमचा प्रश्न साधा आहे. बोललेलं ऐकू येत नाही. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, त, फ ही अक्षरं तिथलीच. ‘सात’ म्हणाले की ‘हात’ ते ओठांवरून ओळखायचं. हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, आणि संवादांच्या अंगावर तुमची व्हायोलिनं. आवाज वाढवला तर दोन्ही वाढतात. मग सूनबाई आतून ओरडते. मालिका बघणाऱ्यांत आमच्या वयाचे किती आहेत याचा वाहिन्यांनी विचार करावा.

पोळपाट

नाना, हे मात्र खरं. सासूबाई दर दोन मिनिटांनी ‘काय म्हणाली गं?’ विचारतात आणि त्यांना सांगेपर्यंत माझं पुढचं वाक्य जातं. ढॅण राहू द्या, पण बोलताना खालचं वाजणं हळू करा. दोन वाक्यांच्या मधे काय ते वाजवा.

सावंतवाडीकर

आमचा मृदंगवाला तेच करतो.

गवाक्ष

चला, मग एवढंच मागते. आठवड्यातून एक महत्त्वाचा प्रसंग पूर्ण बिनसंगीताचा. रात्रपाळी, हे जमण्यासारखं आहे का?

रात्रपाळी

एकदा केलं होतं. बापलेकीचा प्रसंग, दोघं नट चांगले, आणि नशिबाने त्या दिवशी सेटवर शांतता. नुसता पंख्याचा आवाज ठेवला. भाग चालू असतानाच वाहिनीतून फोन, ‘म्युझिकचा ट्रॅक टाकायचा राहिला का?’ दुसऱ्या दिवशी दुपारच्या पुनःप्रक्षेपणात बासरी होती.

तिसरी घंटा

मालिका कुठली?

रात्रपाळी

नोकरी आहे अजून.