कोविड वॉर्डातली ड्युटी संपून वर्षं झाली, ताई अजून रात्री दचकून उठते. काय करावं?

तापीकाठ (जळगाव जिल्हा):
माझी ताई स्टाफ नर्स आहे. 2021 च्या एप्रिल-मे मध्ये कोविड वॉर्डात होती, आपल्याकडचं मे चं ऊन आणि वरून पीपीई किट, ग्लोव्हज काढले की घामाचं पाणी सांडायचं. हे सगळं ती सांगते. पण एका गोष्टीपाशी अडते. गेलेल्या पेशंटचे मोबाईल सामानाच्या पिशवीत वाजत राहायचे आणि उचलायला कोणी नाही. आता घरात कोणाचाही फोन जरा जास्त वाजला की ती उठून अंगणात जाते, लग्नकार्याला येत नाही, पोरीवर चिडते आणि मग रडते. आई म्हणते नजर लागली, दाजी म्हणतात नोकरी सोड. ती म्हणते मला काही झालेलं नाही. खरं तर तिला भीती आहे की मानसोपचारवाल्याकडे गेलं तर ड्युटीवर सगळ्यांना कळेल. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

धुळेकर_भाऊ:
भाऊ, मी तेव्हा वॉर्डबॉय होतो, कंत्राटी. बॉडी पॅक करायचं काम आमच्याकडे. डॉक्टर-सिस्टरची निदान कोणी विचारपूस तरी केली, आमची ऑर्डर संपली आणि घरी बसवलं, हे मला आजही लागतं. पुढे सॅनिटायझरच्या वासानेही छातीत धडधडायचं, पिणं वाढलं. बायको मागे लागून सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेली, गोळ्या आणि बोलणं दोन्ही चाललं, हळूहळू झोप लागायला लागली. "विसरून जा" तेवढं म्हणू नका तिला. तुनी ताईले एकली सोडू नको.

समुपदेशक_नंदुरबार:
न तपासता निदान करणार नाही, पण दचकून उठणं, ठराविक आवाजाने ते सगळं परत समोर येणं, माणसं टाळणं हे पीटीएसडीमध्ये, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासात, दिसतं. हा मनाचा कमकुवतपणा नाही, त्या कामाने झालेली इजा आहे. त्यात अपराधीपणाही असतो, बेड एक आणि दारात तिघं असताना जे ठरवावं लागलं ते आत टोचत राहतं, आणि दोष व्यवस्थेचा असला तरी नर्स स्वतःवर घेते. ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत त्या आठवणींवर काम करणारी) या थेरपी वर्षांनंतरही उपयोगी पडतात. मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या मात्र आणू नका. गुप्ततेचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 23 मध्ये पेशंटला तो हक्कच दिलाय. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचे विचार बोलून दाखवले तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

सिस्टर_अमळनेर:
आमच्या तेव्हाच्या वॉर्डातल्या चौघी अजून भेटतो. घरच्यांना समजवावं लागतं, एकमेकींना नाही लागत. ताईच्या बॅचची कोणी असेल तर आधी तिला घरी बोलवा.

तापीकाठ:
सगळ्यांचे आभार. तिच्यासोबत नाईटला असायची ती सिस्टर आता भुसावळला असते, तिला आत्ताच मेसेज टाकलाय. कलम 23 चं ताईला वाचून दाखवलं, तिने नंबर लिहून घेतला.