व्हेनोना तारांची सूची: गुप्तनाव आणि खरा माणूस एकाच नोंदीत ठेवायचे का?

कार्डपेटी:
नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, व्हेनोना तारांमधल्या (सोव्हिएत हेरखात्याच्या १९४० च्या दशकातल्या सांकेतिक तारा, ज्या अमेरिकेने पुढे उकलल्या) गुप्तनावांची सूची करतेय. न्यूयॉर्कहून मॉस्कोला गेलेल्या तारा आधी घेतल्या. एका गुप्तनावाला एक ओळ, एवढा साधा हिशोब होता. मग सप्टेंबर १९४४ च्या एका तारेत नावं बदलल्याची यादीच सापडली. त्यात 'अँटेना'चा 'लिबरल' झालेला. म्हणजे सोव्हिएतांसाठी हेरगिरी करणारा अमेरिकन ज्युलियस रोझेनबर्ग माझ्या तक्त्यात दोन निरनिराळी माणसं होऊन बसला होता! अणुबाँब प्रकल्पातला शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स, त्याचंही तेच, आधी 'रेस्ट', पुढे 'चार्ल्स'. आता 'होमर'पाशी अडलेय. कुठे 'गोमर', कुठे 'गोम्मर', कुठे नुसतं 'ग'. सगळं सरळ खऱ्या नावाखाली आणू का?

जुना_सूचीकार:
ताई, कळकळीने सांगतो, आणू नका. गुप्तनावाची नोंद वेगळी, माणसाची वेगळी. दोन्हींच्या मध्ये 'पाहा' द्या.

कारण तारेत असतं ते फक्त गुप्तनाव. खरं नाव अमेरिकन विश्लेषकांनी नंतर लावलेलं असतं. दोन्ही एकत्र केलंत की तारेत काय होतं आणि अंदाज कुठून सुरू झाला, हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.

'होमर'चंच बघा. रशियनमध्ये 'ह' नाही, तिथे 'ग' लिहितात, म्हणून 'गोमर'. ही तिन्ही रूपं एकाच गुप्तनावाची, ती खुशाल एकत्र करा. पण डोनाल्ड मॅक्लीनपर्यंत पोचायला पुरावा लागला. २८ जून १९४४ ची ९१५ क्रमांकाची तार काढा. होमरची बायको बाळंतपणासाठी 'टायर'मध्ये आईकडे राहतेय आणि तो तिकडे ये-जा करतो, असं त्यात आहे. 'टायर' म्हणजे न्यूयॉर्क. मॅक्लीन तेव्हा वॉशिंग्टनच्या ब्रिटिश दूतावासात होता, आणि हा घरगुती तपशील त्याला तंतोतंत लागू पडला. ही तार मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. हा आधार नोंदीत आलाच पाहिजे.

याउलट 'एलेस' घ्या. ३० मार्च १९४५ ची वॉशिंग्टनची तार, क्रमांक १८२२. विश्लेषकांची तळटीप म्हणते, बहुधा अल्जर हिस, म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातला अधिकारी. त्या 'बहुधा'वर अभ्यासक अजून भांडताहेत. तुम्ही सगळं 'हिस' या नावाखाली टाकलंत, तर तो वाद तुमच्या सूचीने परस्पर मिटवून टाकला असं होईल. तो अधिकार सूचीकाराचा नव्हे.

म्हणून रकाने असे ठेवा: तारेतलं रूप, पाठवणारं केंद्र, तारीख, क्रमांक, ओळख, ओळखीचा आधार, खात्री किती. तारीख कधीही गाळू नका, कारण नावं बदलत, आणि जुनं नाव पुढे दुसऱ्यालाही दिलं जाई.

रशियन_शिकतोय:
एक भर घालतो. मूळ रशियन शब्दही लिहून ठेवा. रोझेनबर्गच्या मेहुण्याची बायको रूथ ग्रीनग्लास, तिचं नाव 'ओसा', म्हणजे गांधीलमाशी. इंग्रजी भाषांतरात काही ठिकाणी तिचं 'वॉस्प' केलंय, मग एकच बाई सूचीत दोनदा येते. आणि 'स्टार' बघून चांदणी समजू नका! अणुबाँब प्रकल्पातला शास्त्रज्ञ थिओडोर हॉल 'म्लाद', म्हणजे तरुण, आणि त्याचा मित्र सॅव्हिल सॅक्स 'स्टार', म्हणजे म्हातारा. दोघेही विशीच्या आसपासचे. ही जोडी रशियनमध्येच कळते.

तिसरं_पान:
आणखी एक रकाना हवाच: नाव कशाचं? 'कार्थेज' हे वॉशिंग्टन, 'बँक' म्हणजे अमेरिकेचं परराष्ट्र खातं, 'शेजारी' म्हणजे सोव्हिएत लष्करी गुप्तहेर खातं. 'कॅप्टन' रूझवेल्ट आणि 'कबान', म्हणजे रानडुक्कर, चर्चिल. गुप्तनाव मिळालं म्हणून माणूस हेर ठरत नाही. हे सूचीत ठळक दिसलं नाही तर निष्कारण कुणावर तरी बट्टा लागतो.

कार्डपेटी:
मनापासून आभार. रात्री बसून 'लिबरल'ची नोंद पुन्हा केली. २७ नोव्हेंबर १९४४, क्रमांक १६५७: बायकोचं नाव एथेल, वय २९, लग्नाला पाच वर्षं. इथे बायकोचं खरं नाव तारेतच आहे, म्हणून आधाराच्या रकान्यात 'तारेतच' असं लिहिलं. 'एलेस'पुढे 'बहुधा' तसंच ठेवलंय.