मदत हवी आहे : धातूच्या पाइपातली गुडगुड

राजेहो, इथं कोणी पाइप ओढणारं आहे का? आमच्या आर्वीकडे बिडीवाले पायलीचे पन्नास, पाइपवाला मी एकटाच.

पाइप मामांकडून आलेला. दांडी ॲल्युमिनियमची, वरची लाकडी वाटी आट्यांवर फिरवून निघते. वाटी ब्रायरची, म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या एका झुडपाच्या बुंध्यातली गाठ. सहसा जळत नाही. तिच्याखाली बशीसारखा खोलगट भाग आहे. धूर थंड धातूला लागला की त्यातली वाफ तिथंच पाणी होऊन साचते. अर्ध्यात गुडगुड सुरू होते अन् कडू पाणी जिभेवर येतं. वाटी गरम असतानाच काढून पुसलं तर चालतं का? आटे लाकडातच कापलेले आहेत, म्हणून भीती वाटते. तिथं कागदाची चकती ठेवतात म्हणे; साधा टिपकागद चालेल का?

शिवाय एक जादा वाटी गावातल्या कातार्‍याकडून करून घ्यावी म्हणतो. तो सागाची करतो म्हणतो, पण सागात तेल असतं, मला नको वाटतं. बाभळीची कोणी वापरली आहे का?

बिडीचा जर्दा भरा, असं मात्र सांगू नका भाऊ. तो कोरडा, भसकन जळतो, वाटी हातात धरवत नाही. (सोडून दे, हा सल्ला घरून रोज मिळतोच.)